चिवड्याच्या डब्यातलं सैन्य

माझ्या धाकट्या भावाला अक्कल नाही, यावर आमच्या घरात दुमत नाही. तो युरोपात राहतो, म्हणून त्याचा त्रास आम्हाला रोज होत नाही, अधूनमधून पार्सलने येतो. बाबांची बायपास झाली त्या वर्षी त्याला रजा मिळेना. जीव तर तुटत होता बिचाऱ्याचा. मग त्याने विचार केला, बाबांना गर्दी आवडते, गॅलरीत उभं राहून तासन् तास माणसं बघतात, तर आपण त्यांना माणसांनी भरलेलं चित्र पाठवू. तिथल्या एका म्युझियमच्या दुकानात गेला आणि म्हणाला, सगळ्यात जास्त माणसं असलेलं जिगसॉ द्या. त्यांनी दिलं. याने कागदात बांधलेला खोका बघितलासुद्धा नाही, तसाच पोस्टात टाकला. चित्रात माणसं खूप होती हे खरं. त्यांतलं एकही जगणार नव्हतं, हे त्याला मी नंतर फोनवर सांगितलं.

आमचं घर घाटकोपरला, भटवाडीत. गॅलरीवाली जुनी बिल्डिंग, दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत टेबल, आतल्या खोलीत ओटा. माझं सासर मुलुंडला, पण काम लॅपटॉपवर, तो कुठेही उघडतो. तेव्हा बाबा हॉस्पिटलातून आले तशी मी बॅग भरून माहेरी आले आणि नवऱ्याला सांगितलं, कुकर लावायला शिक.

बाबांबद्दल एक सांगायला हवं, त्यांचा आवाज. तरुणपणी ते गिरणीत साचे चालवायचे, म्हणजे कापडाचे माग. त्या खडखडाटात शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडावंच लागायचं. गिरण्या गेल्या, पुढे त्यांनी एका कंपनीत पॅकिंगमध्ये नोकरी केली, पण आवाज गिरणीचाच राहिला. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीला गाऱ्हाणं बाबाच घालायचे. हात जोडून उभं राहायचं, सगळ्यांच्या तक्रारी, मागण्या, चुका देवाच्या कानावर घालायच्या, आणि प्रत्येक वाक्याला मागच्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. बाबांनी गाऱ्हाणं घातलं की समोरच्या बिल्डिंगमधली गुजराती मंडळीसुद्धा व्हय म्हाराजा म्हणायची, अर्थ न कळता.

तो माणूस ऑपरेशननंतर गप्प झाला. साफ गप्प. डॉक्टर म्हणाले, हृदय आता झकास आहे, यांना चालवा, बोलवा, हसवा. बाबा भिंतीकडे तोंड करून पडायचे. जेवायला उठवलं तर उठायचे, दोन घास खायचे, परत भिंत. काय हवं विचारलं तर म्हणायचे, "झाला मा आता सगळा." मला इतका राग यायचा. एवढे पैसे, एवढी धावपळ, एवढे नवस, आणि हा माणूस भिंत बघत बसलाय.

आणि आई त्याच्या वरची. तिला त्यांच्या छातीवरचे टाके बघवेनात. गोळ्या द्यायला बाहेर यायची ती मान फिरवून, पेला ठेवायची आणि डोळ्यांना पदर लावत आत पळायची. लग्नाला पन्नास वर्षं होत आलेली माणसं, दोन खोल्यांत दोन, मधे दार. मधल्या दारात मी, लॅपटॉप मांडीवर घेऊन. बाबा असेच पडून राहिले तर यंदा गणपतीत गाऱ्हाणं कोण घालणार, असं शेजारीण सहज म्हणाली, तर आईने दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलं. गाऱ्हाण्याची काळजी कुणाला होती म्हणा. माणूस उठतोय की नाही, हाच प्रश्न होता, आणि तो आमच्यातलं कुणी मोठ्याने विचारत नव्हतं.

अशात पार्सल आलं. ते आईने ओट्यावर उघडलं. मी मीटिंगमध्ये होते, कानात इयरफोन, मला फक्त एवढंच दिसलं की आई खोक्याच्या झाकणाकडे बघून जागच्या जागी थिजली. मग तिने झाकण पदराखाली घेतलं, तुकड्यांची पिशवी हातात धरली आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा सरळ बाबांच्या पलंगापाशी जाऊन उभी राहिली. मी इयरफोन काढले.

बाबांनी विचारलं, काय आहे. मुलाने पाठवलंय, आई म्हणाली, तुकडे जोडून चित्र करायचं. कसलं चित्र?

"जत्रा आसा," आई म्हणाली. "थंयची."

बाबांनी भिंतीवरून मान वळवली. त्या वेळी मला वाटलं, वा, भावाने आयुष्यात एक तरी काम बरं केलं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा टेबलाशी बसायला लागले. आधी कडा लावायच्या, हे त्यांना मीच सांगितलं. हळूहळू वरचा भाग जमला. तपकिरी डोंगर, झाड नाही, पान नाही. बाबांना ते लगेच ओळखीचं वाटलं, आमच्या गावचा कातळाचा सडा मे महिन्यात अस्साच दिसतो म्हणाले. लांबवर धूर निघत होता. "दाढ भाजतत," बाबा म्हणाले, म्हणजे पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात ते. उंच खांबांवर आडवी चाकं होती, तो जत्रेतला पाळणा ठरला. पाण्यात एक गलबत कललं होतं, ते ओहोटीला लागलंय म्हणाले. एक उलटं पडलेलं मेज आणि सांडलेली भांडी जमली, तेव्हा बाबा पहिल्यांदा हसले. जत्रेतल्या हॉटेलात मारामारी झालेली दिसते, आमच्याकडे दर वर्षी व्हायची.

मी भावाला फोन करून शाबासकी दिली. नंतर परत घ्यावी लागली.

झालं काय, एका दुपारी मी कांदे घ्यायला ओट्याखालची टोपली ओढली. टोपलीच्या तळाला जाड पुठ्ठा उपडा घातलेला. उलटा केला आणि मी तिथेच फतकल मारून बसले. चार-साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणा चित्रकाराने काढलेलं ते चित्र होतं. मरणाने माणसांशी युद्ध पुकारलंय, आणि मरणाचं सैन्य म्हणजे सगळे हाडांचे सांगाडे. हजारो. ढाली घेऊन रांगेत उभे, घोड्यावर, गाडीवर, गाडीत कवट्यांचा ढीग. राजा चिलखत घालून आडवा पडलाय आणि एक सांगाडा त्याला वाळूचं घड्याळ दाखवतोय, साहेब, वेळ झाली. पाळणा म्हणजे माणसं मारून टांगायची चाकं होती. धूर म्हणजे जळणारी गावं. आणि हे सगळं छाती उघडून आलेल्या माणसाला विरंगुळा म्हणून.

आई मागे उभी होती. "गप ऱ्हव," ती म्हणाली. "तेंका कळूचा नाय."

मी म्हटलं, अगं कसं कळणार नाही, तुकड्यातुकड्यावर हाडं आहेत. त्यावर तिने जे सांगितलं ते ऐकून मला हसू आवरेना. ती हाडं काढून घेत होती. रोज दुपारी तांदळाचं ताट घेऊन ती बाबांच्या शेजारी बसायची, हे मला दिसत होतं, त्याचं बरंही वाटत होतं. तांदूळ निवडता निवडता तिचा हात टेबलावर जायचा आणि खडे काढावेत तशी ती तुकड्यांतली हाडं टिपायची. कवटी असलेला तुकडा, बरगड्या असलेला तुकडा, गेला ताटात. ताट गेलं आत. पन्नास वर्षं तांदूळ निवडलेली बाई ती, तिच्या नजरेतून खडा सुटत नाही तर कवटी काय सुटणार.

ठेवलेस कुठे, मी विचारलं. चिवड्याच्या डब्यात, ती म्हणाली. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर चिवडा. डॉक्टरांनी बाबांना तळलेलं बंद केलं होतं, तेव्हा घरात बाबा ज्याला हात लावणार नाहीत अशी ती एकच जागा. मला तिची कमाल वाटली. आणि तू जरा चिवडा कमी खा, ती वर मला म्हणाली, डबा भराभर उतरतोय. मी म्हटलं, मी खातच नाही. ती म्हणाली, मग काय उंदीर खातात?

मला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं.

पाऊस सरत आला. चित्र भरत आलं आणि त्याला भोकं पडत आली. जत्रेत डोंगर होता, घोडे होते, पडलेली माणसं होती, पण घोड्यांवर कुणी नव्हतं, गाडी हाकायला कुणी नव्हतं, आणि सगळी माणसं रिकाम्या जागेला घाबरून पळत होती. बाबा त्या भोकांवरून बोट फिरवायचे. कापडात कुठे धागा तुटलाय बघायची सवय ती. मी म्हणायचे, परदेशी कंपन्या हल्ली तुकडे कमी घालतात. बाबा हूं करायचे. पण एव्हाना ते गॅलरीत उभे राहायला लागले होते, खाली पानवाल्यापर्यंत जाऊन यायचे, जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरायचे. मला तर ती कुरकुर ऐकून बरं वाटायचं.

एका दुपारी आई खाली भाजीला गेली होती. मी चहा टाकायला आत गेले तर बाबा ओट्यापाशी. चिवड्याचा डबा उघडा. उजव्या मुठीत चिवडा, गाल फुगलेले, आणि डाव्या हाताच्या तळव्यावर एक घोडेस्वार सांगाडा.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. बाबांनी घास गिळला.

"आयेक सांगू नको."

"काय, चिवडा की हे?"

"दोनय."

मी चहा गॅसवर ठेवला आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. मला रडू येत होतं आणि ओरडावंसंही वाटत होतं, काय आधी करू कळेना. कधीपासून माहीत आहे, विचारलं. म्हणाले, पहिल्या आठवड्यापासून. डबा सापडायच्या आधीच. "तुका काय वाटला, माका हाडां वळखूक येनत नाय? छाती फाडून इलंय मी." मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, बोलून काय करू. हॉस्पिटलातून आलो तर तुझी आई माझ्याकडे बघेना. मी मेल्यासारखी आत बसून रडायची. मला वाटलं, हीच मला गेलेला धरून चाललीय, तर असेल तसंच. आणि एक दिवस ती आपणहून येऊन बाजूला बसली. चोरी करायला का असेना. आता रोज बसते. मी तुकडे तिच्या हाताला येतील असे पुढे सरकवून ठेवतो.

"सगळी हाडां गावली तर ती उठान जायत," ते म्हणाले. "म्हणान मी सावकाश लावतंय."

मी गॅस बंद केला. चहा उतू गेला होता. मग मी त्यांच्या हातातला चिवडा काढून घेतला, कारण मी त्यांची मुलगी आहे आणि कोलेस्टेरॉलला भावना कळत नाहीत.

हे असं चालत राहिलं असतं, पण गणपती जवळ आले. दर वर्षी आम्ही पहिले पाच दिवस गावी जायचो आणि बिल्डिंगच्या गाऱ्हाण्याला परत यायचो, यंदा डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं. गावचा गणपती चुलतभाऊ बघणार होता. पण बिल्डिंगची पूजा, माणसं येणार-जाणार, आरतीला बोलावणार, घर झाडून काढायला हवं. आईने त्या सकाळी पदर खोचला आणि जाहीर केलं की टेबल मोकळं करायचं. जत्रा झाली तेवढी पुरे, अर्धवट आहे तर असू दे, गोळा करून माळ्यावर टाका. तिच्या हातात झाडू होता आणि आवाजात घाई होती. मला कळत होतं तिला कशाची घाई आहे. सणाच्या दिवसांत तिला ते सैन्य घरात नको होतं, डब्यातही नको होतं.

बाबा उठले. लुंगी नीट केली, खांद्यावर टॉवेल घेतला आणि टेबलासमोर हात जोडून उभे राहिले. मला वाटलं, यांना काय झालं. आणि मग तो आवाज आला. तीन महिने घरात नव्हता तो आवाज.

"बा म्हाराजा, जो कोण तू ह्या चित्रात घोड्यावर बसान इललो आसस..."

आई झाडू धरून तशीच. माझ्या तोंडून आपोआप निघालं, व्हय म्हाराजा.

"तुझा सैन्य मोठा आसा, ता आमी मान्य करतंव."

व्हय म्हाराजा. या वेळी गॅलरीतूनही कुणीतरी म्हटलं. शेजारीण दारात आली होती.

"पण ह्या घरातल्या घरकारनीन तुझी माणसां धरून चिवड्याच्या डब्यात घातल्यान. ती भियाली, म्हणान तिना तसा केल्यान. तिची चूक पोटात घाल. तुझी माणसां तुका गावांदेत, चित्र पुरा होवंदे. आणि पुरा झाला काय, इलस त्या वाटेन माघारी जा रे म्हाराजा."

व्हय म्हाराजा, गॅलरीतून चार-पाच आवाज आले. समोरच्या बिल्डिंगमधूनही एक आला.

"आणि तो डबो कोणाक कसो गावलो, ह्या कोणी इचारू नये, अशी बुद्धी सगळ्यांका दी रे म्हाराजा."

याला मात्र कुणी व्हय म्हटलं नाही, कारण मी हसत होते आणि आई रडत होती. ती रडत होती ती त्यांच्याकडे बघत. पदर डोळ्यांना नव्हता. मग ती आत गेली, डबा घेऊन आली, टेबलावर आपटला आणि झाकण उघडून बघितलं. चिवडा तळाला गेलेला.

"उंदीर," ती म्हणाली.

त्या दिवशी घर झाडलं गेलं नाही. दोघं दुपारभर शेजारी बसून सांगाडे लावत होते. आईचा हात बाबांपेक्षा जलद, कारण प्रत्येक तुकडा तिने एकदा निवडलेला होता, कुठून उचलला ते तिला पाठ. हाताला चिवड्याची हळद, त्यामुळे मरणाचं अर्धं सैन्य पिवळसर झालं, ते आजही तसंच आहे. भीती गेली तशी ती सांगाड्यांना नावं ठेवायला लागली. हा किती हाडकुळा. हा घंटा काय वाजवतोय, आरतीला आलाय काय. राजाचं पोट बघा, याला पथ्य कुणी सांगितलं नव्हतं. मग तिने विचारलं, एवढं सैन्य घेऊन हे लढतात कुणाशी? बाबा म्हणाले, सगळ्यांशीच. राजाशी, भिकाऱ्याशी, जुगाऱ्याशी. मग जिंकलं कोण?

बाबांनी चष्मा वर केला. अजून पुरं कुठे झालंय, म्हणाले.

आणि ते पुरं झालं नाही. अगदी शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात एक तुकडा कमी पडला. तिथे एक जोडपं बसलंय. तो वाद्य वाजवतोय, ती हातात गाण्याचा कागद धरून आहे, आजूबाजूला जग बुडतंय आणि या दोघांना पत्ता नाही. त्यांच्या मागे कुणीतरी असणार, वाद्याचा एक दांडा दिसत होता, पण धरणारा नव्हता. आम्ही डबा पालथा केला, टेबलाखाली बघितलं, मी झाडू पलंगाखाली फिरवला. झाकण कांद्यांच्या ओलीने कधीच भिजून गेलं होतं, ताडून बघायलाही काही नव्हतं. हरवला असेल, आई म्हणाली. बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग त्या भोकाकडे. राहू दे, म्हणाले.

गणपतीत गाऱ्हाणं बाबांनीच घातलं. ते चित्र आता फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय, दाराच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे दार उघडं असलं की पाहुण्यांना दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांना बाबा सांगतात, जत्रा आहे, तिथली. भाऊ सुट्टीत आला तेव्हा त्याने ते बघितलं आणि एक तुकडा गायब आहे म्हणून दुकानाला मेल करतो म्हणाला. आईने त्याला पुरणपोळी वाढून गप्प केलं.

परवा बाबांची दर सहा महिन्यांची तपासणी होती. तिघं निघालो. बाबा पुढे जिना उतरत होते, आवाज तळमजल्यापर्यंत, वॉचमनशी भांडण आधीच सुरू झालेलं. आईच्या हातात पिशव्या, म्हणून ती म्हणाली, बटव्यातून किल्ली काढ आणि दाराला कुलूप लाव. मी बटवा उघडला. देवीचा अंगारा, सुपारी, बाबांची जिभेखाली ठेवायची गोळी, किल्ली. आणि एका जुन्या रुमालात गुंडाळलेला पुठ्ठ्याचा एक तुकडा. त्यावर एक सांगाडा, मान कलती करून, त्या दोघांच्या गाण्याला साथ देत असलेला.

मी आईकडे बघितलं. ती अजिबात ओशाळली नाही.

"बटव्यात आसा तो," ती हळूच म्हणाली, खाली ऐकू जाणार नाही इतपत. "सुटलो तर येयत मा?"

मी तुकडा परत रुमालात गुंडाळला, बटव्याची दोरी ओढली, गाठ मारली. मग वर आणखी एक गाठ मारली.